दिंडीच्या ट्रकात पन्नासचा ठेका

ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघते. आदल्या संध्याकाळी गावातले सगळे पाय समाधिमंदिराकडे वळलेले असतात. मी मात्र एका ट्रकच्या फाळक्यापाशी थबकलो आणि अंधार पडेपर्यंत तिथून हललो नाही. ब्रह्मगिरीवर ढग बसले होते, पाऊस आता येतो की मग येतो असं चाललं होतं, आणि ट्रकच्या हौद्यात एक वायरमन गुडघे टेकून, तोंडात टॉर्च धरून इन्व्हर्टर बसवत होता.

दिंडीचा ट्रक म्हणजे चाकांवरचं घर. तांदळाची नि डाळीची पोती, पराती, कढया, शेगड्या, सिलिंडर, राहुट्यांचे बांबू, ताडपत्र्या, शंभरेक वळकट्या, पाण्याच्या टाक्या. अमेरिकेत हौशी माणसं मोटारीमागे अख्खं घर जोडून फिरतात. आपल्या सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. छान आहे. पण रोज नव्या गावात मांडायचं आणि पहाटे मोडायचं घर दिंड्यांना काही नवं नाही. सिन्नर, राहुरी, अहिल्यानगर, मिरजगाव, करकंब असं करत ते तीन आठवड्यांहून जास्त काळ चालत राहतं. पूर्वी या घराचं कंदिलावर भागायचं. आता कीर्तनाला माइक लागतो, राहुट्यांत बल्ब लागतात आणि प्रत्येक वळकटीत एक मोबाइल असतो.

म्हणून ती इन्व्हर्टरची पेटी. हिरवी, ब्रीफकेसएवढी, मागं छोटा पंखा. शेजारी दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी. ती वर चढवायला चौघं लागले. “माउली, आडवी नका करू, ॲसिड सांडंल,” वायरमन आतून ओरडला. घरोघरी भारनियमनाच्या काळात आलेली ही जोडगोळी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात नवल वाटण्यासारखं काही उरलंय असं कोणाला वाटत नाही. मला त्या संध्याकाळी वाटलं.

बॅटरीतली वीज पाटाच्या पाण्यासारखी एकाच दिशेनं वाहते, आणि तिचा जोर फक्त १२ व्होल्ट. घरातली वीज मात्र ताक घुसळणाऱ्या रवीसारखी: दोरी इकडे ओढली, तिकडे ओढली, पुन्हा इकडे. सेकंदाला पन्नास पूर्ण हेलकावे, म्हणजे शंभर वेळा दिशा बदल. जोर २३० व्होल्ट. तोही सरासरीच्या हिशेबानं, कारण प्रत्येक हेलकाव्याच्या टोकाला तो सव्वातीनशेपर्यंत चढतो. तेव्हा पेटीपुढे कामं दोन: सरळ वाहणाऱ्याला हेलकावे द्यायला लावायचं आणि बाराचे दोनशे तीस करायचे. यातलं दुसरं काम पहिल्यावाचून होत नाही, हे मला फार सुंदर वाटतं. व्होल्टेज चढवतो ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मरला फक्त बदल कळतो. एका वेटोळ्यातला प्रवाह कमीजास्त होत असेल तरच शेजारच्या वेटोळ्यात वीज उमटते, हे मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं. स्थिर १२ व्होल्ट लावून ठेवले तर ट्रान्सफॉर्मर नुसता तापत बसेल, पलीकडे काही पोचणार नाही. आधी घुसळा, मग लोणी.

घुसळायचं कसं? जुन्या मोटारींतल्या व्हॉल्व्हच्या रेडिओत त्यासाठी एक थरथरणारी पत्ती असायची. ती सेकंदाला शंभरएक वेळा एका टोकाला चिकटे, सुटे, दुसऱ्याला चिकटे, आणि रेडिओ लावला की गाण्याच्या आधी तिची गुणगुण ऐकू यायची. पत्ती झिजली की रेडिओ मुका. ‘इन्व्हर्टर’ हा शब्द रूढ झाला तो जनरल इलेक्ट्रिकमधल्या डेव्हिड प्रिन्स यांच्या १९२५ मधल्या लेखामुळे. उलटसुलट विजेची सरळ वीज करणारं यंत्र तेव्हा माहीत होतं. तेच उलटं चालवलं तर, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि उलटं चालवलेलं म्हणून ते ‘इन्व्हर्टर’. आजच्या पेटीत पत्तीच्या जागी नखाएवढे ट्रान्झिस्टर असतात. चार ट्रान्झिस्टर चौकोनात मांडले आहेत असं समजा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन उघडले की प्रवाह मधल्या वेटोळ्यातून डावीकडून उजवीकडे जातो. ते मिटून दुसरे दोन उघडले की उजवीकडून डावीकडे. रवीच्या दोरीची दोन टोकं दोन हातांत असतात तसं. दोन्ही जोड्या चुकून एकदम उघड्या राहिल्या तर बॅटरीचं प्लस थेट मायनसला भिडेल आणि क्षणात सगळं जळेल, म्हणून दर पालटाच्या वेळी चौघांनाही सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरतं गप्प बसवतात.

स्वस्त पेट्या एवढ्यावरच थांबतात. त्यांचा हेलकावा झोक्यासारखा गोल नसतो, पायऱ्यांसारखा चौकोनी असतो. बल्बाला त्याचं काही नाही. पंखा मात्र कण्हू लागतो, आणि ॲम्प्लिफायरमधून बुवांच्या आवाजामागे भुंगा शिरतो. चांगल्या पेटीत तेच ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, आणि दर वेळी किती काळ उघडं राहायचं ते बदलत नेतात. नळ अर्धा उघडायचा नाही; पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, कारण अर्धवट उघडा ट्रान्झिस्टर म्हणजे निखारा. रांगोळीत ठिपके दाट टाकले की रंग गडद दिसतो, विरळ टाकले की फिका, आणि लांबून पाहणाऱ्याला ठिपके दिसतच नाहीत. तसे ते तुकडे पुढच्या गाळणीतून गेले की एकसलग, गोलाईदार लाट होऊन बाहेर पडतात.

या दोन विजांची वेस नाशिक जिल्ह्यात कित्येक वर्षं रुळांवर होती, हे जाता जाता सांगायला हवं. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत गाड्या दीड हजार व्होल्टच्या सरळ विजेवर यायच्या, आणि इगतपुरीपुढे पंचवीस हजार व्होल्टची उलटसुलट वीज. इंजिन बदलायला गाडी थांबायची तेवढ्यात लोक वडे खाऊन घ्यायचे. त्र्यंबकहून इगतपुरी फार लांब नाही.

आता तो पन्नासचा आकडा. नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातली टर्बाइनं मिनिटाला ३००० फेरे घेतात, सेकंदाला पन्नास. कोराडीची, चंद्रपूरची तशीच. नुसती तेवढ्याच वेगानं नव्हे, तर पावलात पाऊल घालून. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं, आणि तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अखंड भारत एकाच ठेक्यावर चालतो. कुठे मोठा भार पडला तर सगळी टर्बाइनं मिळून किंचित मंदावतात, भार उतरला की मिळून किंचित उसळतात. एवढं मोठं टाळकरी मंडळ जगात फार ठिकाणी नाही.

ट्रकातली पेटी या मंडळात नाही. तिच्या पोटात स्वतःचं घड्याळ आहे, गारगोटीच्या कुळातल्या स्फटिकाच्या थरथरीवर चालणारं. त्या घड्याळाच्या तालावर ती आपले पन्नास हेलकावे आपणच मोजते. एकलहरे बंद पडलं तरी तिला पत्ता लागणार नाही. वायरमननं बटण दाबलं, पंखा भिरभिरला आणि पेटी बारीक गुणगुणू लागली. बाजूला पेटीवाले बुवा भाता मारत बसले होते. (हार्मोनियमची पेटी, या लेखात दोन पेट्या झाल्या खऱ्या.) त्यांनी मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, “पांढरी पाच धरतीय की ही! जराशी चढी.” मी घरी येऊन हिशेब केला. विजेची गुणगुण मुख्यतः सेकंदाला शंभर कंपनांची, हेलकाव्यांच्या दुप्पट, कारण लोखंडाला दिशा कळत नाही, ते दोन्हीकडच्या ओढीला ताणलं जातं. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ कंपनांची. बुवांचा कान दोन कंपनांनीसुद्धा चुकला नव्हता.

आता वायर. खरं तर मी फाळक्यापाशी थांबलो तो वायरपायी. बॅटरीपासून पेटीपर्यंत अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल, टोकांना दाबून बसवलेले लग. आणि पेटीतून पुढे राहुटीकडे जाणारी वायर मात्र साधी, घरातल्यासारखी. दिंडीचालकांना ते खटकलं. बॅटरी पुढे केबिनच्या मागं ठेवा, पेटी इथं फाळक्याशी ठेवा, मधे साधी वायर टाका, पैसे वाचतील, असं त्यांचं म्हणणं. वायरमन म्हणाला, “महाराज, तिकडं सुतळी चालती, इकडं दोरखंडच लागतो. आन् तोबी आखूड.”

त्याचं म्हणणं आकड्यांत मांडून पाहावं असं आहे. हजार वॅटचा भार २३० व्होल्टवर घेतला तर वायरीतून सव्वाचार-साडेचार अँपिअर जातात. तोच भार १२ व्होल्टच्या बाजूला, पेटीतली गळती धरून, ९० अँपिअर मागतो. जोर कमी म्हणून लोंढा मोठा. आता चार चौरस मिलिमीटरची नेहमीची वायर पाच मीटर अंतरावर टाकली, जाऊन-येऊन दहा मीटर, तर तिचा विरोध भरतो ०.०४३ ओहम. आकडा कसला क्षुल्लक दिसतो! पण नव्वदनं गुणा: जवळजवळ चार व्होल्ट वाटेतच संपले. बाराचे आठ उरले, आणि भरलेल्या बॅटरीपुढे बसून पेटी ‘बॅटरी संपली’ म्हणून पीं-पीं करू लागली. शिवाय त्या वायरीत साडेतीनशे वॅटची उष्णता, म्हणजे वळकट्यांच्या खाली एक छोटी शेगडी. तेच ३५ चौरस मिलिमीटरची केबल आणि अंतर एकच मीटर ठेवलं, तर गळती व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आणि उष्णता सात-आठ वॅट. जूलनं घालून दिलेला नियम असा कडक आहे: प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. याच नियमाच्या धाकानं रायचूर–सोलापूरच्या तारांना साडेसात लाखांहून जास्त व्होल्ट सोसावे लागतात. जोर वाढवला की लोंढा आटतो. दिंडीच्या ट्रकातला एक मीटर आणि दोन राज्यांमधली ती वाहिनी, दोघांना एकच धाक.

नव्वद अँपिअर म्हटल्यावर त्या केबलमधून इलेक्ट्रॉन सुसाट धावत असतील असं वाटतं ना? ते सेकंदाला मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यानं सरकतात. बॅटरीतून निघालेल्या इलेक्ट्रॉनला तो एक मीटर ओलांडायला तासाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात दिंडी मैल-दोन मैल पुढे गेलेली असते. आणि पेटीपुढच्या उलटसुलट विजेच्या वायरीत तर ते कुठेच जात नाहीत. केसाच्या जाडीच्या काही अंशाएवढं पुढे, तेवढंच मागे. पावली खेळणाऱ्या वारकऱ्यांसारखे: पाऊल पुढे, पाऊल मागे, माणूस जिथल्या तिथे, आणि गजर मात्र दिंडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत क्षणात पोचलेला.

केबल जोडायच्या आधी वायरमननं बॅटरीच्या अगदी मुळाशी, प्लसच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर, मोठा फ्यूज बसवला होता. मला वाटलं होतं फ्यूज पेटीला वाचवायला असतो. नाही. तो वायरीला वाचवायला असतो. बाराच्या बाजूला हात लावला तर मुंगीसुद्धा चावत नाही, म्हणून लोक बेसावध राहतात. पण पाना हातातून निसटून दोन टर्मिनलांवर आडवा पडला, तर बॅटरी क्षणभरात हजारावर अँपिअर ओकते आणि लोखंड लाल होतं. काम सुरू करण्याआधी त्यानं बोटातली अंगठी काढून खिशात टाकली होती, ती का, ते मला तेव्हा कळलं. शेवटचा लग टेकवताना तरीही ‘ठस्स’ करून ठिणगी उडाली. दिंडीचालक मागं सरले. “काही नाही, पेटीनं पहिला घोट घेतला,” तो म्हणाला. पेटीतले रिकामे कपॅसिटर एकदम भरतात, त्याची ती ठिणगी.

बॅटरीचं नवल सगळ्यात शेवटी कळलं, आणि ते सगळ्यात मोठं आहे. शिसं-ॲसिडची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये केली. आत एकीकडे शिसं, दुसरीकडे शिशाचा ऑक्साइड, मधे पातळ गंधकाम्ल. बॅटरी वीज देते तसतसं ॲसिड पाण्याकडे झुकतं आणि दोन्ही पाट्यांवर एकच पांढरट पदार्थ साचत जातो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की ओढ संपली, बॅटरी संपली. अशा सहा खणांतून प्रत्येकी दोनहून थोडे जास्त व्होल्ट मिळून आपले बारा होतात. हे दीडशे वर्षं ठाऊक होतं. पण एका खणातून दोन व्होल्ट का? २०११ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात राजीव आहुजा, पेक्का प्युक्को आणि सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. शिशाच्या अणुगर्भात ८२ प्रोटॉन. त्या प्रचंड ओढीमुळे आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ साठ टक्के वेगानं फिरतात, आणि एवढ्या वेगाला न्यूटन पुरत नाही, आइन्स्टाइनची सापेक्षता लागते. तिच्यामुळे शिशाच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी आत आवळली जाते आणि शिशाचा ऑक्साइड इलेक्ट्रॉनांसाठी जास्तच हावरा होतो. प्रत्येक खणाच्या दोन व्होल्टांपैकी १.७ ते १.८ व्होल्ट या सापेक्षतेचे निघाले! ती नसती तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम अडीच व्होल्ट मिळाले असते, आणि ट्रकचा स्टार्टरही फिरला नसता.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात शिशाच्या अगदी वरच्या घरात कथील बसतं; ५० प्रोटॉनचं, शिशाचं धाकटं भावंड. त्याच्यात ही सापेक्षतेची गंमत फार थोडी, म्हणून कथिलाची अशी बॅटरी कोणी करत नाही. ते आपलं भांड्यांना कल्हई करण्यापुरतं. त्या ट्रकात दिंडीचं एक जुनं तांब्याचं पातेलं कल्हई लावून बॅटरीच्या शेजारीच ठेवलं होतं. दोन्ही भावंडं वीतभर अंतरावर होती. आणि वरच्या फळीवर कीर्तनाचा ॲम्प्लिफायर होता आहुजा कंपनीचा, महाराष्ट्रातल्या असंख्य देवळांत असतो तसा. शास्त्रज्ञ आहुजा आणि कर्ण्यांवरचे आहुजा, नावाचा योगायोग. पण मला त्या हौद्यात फारच मौज वाटली.

हा ॲम्प्लिफायर खरं तर थेट १२ व्होल्टवरही चालतो, त्याला मागं बॅटरीची खूण केलेली जोडणी असते. तरी सगळे त्याची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डातच खुपसतात. मोबाइलची तर कमालच. बाराची वीज पेटी दोनशे तीसवर चढवते, घुसळते, आणि लगेच पुढे चार्जर ती उतरवून पुन्हा सरळ, पाच व्होल्टची करतो. घाट चढायचा तो पलीकडे उतरायलाच. मोटारीत लावायचे चार्जर घेतले तर हा घाट टळेल, पण भिंतीतल्या प्लगवर आपली जी श्रद्धा आहे ती कोण मोडणार?

वायरमननं कोळशाच्या तुकड्यानं फाळक्यावरच हिशेब मांडला. दीडशे अँपिअर-अवर गुणिले बारा, १८०० वॅट-अवर. बॅटरीनं वर्षं काढावीत असं वाटत असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, ९००. कीर्तन तीन तास, शंभर वॅटच्या आसपास, म्हणजे ३००. नऊ वॅटचे सहा एलईडी चार तास, सव्वादोनशेच्या आत. उरले पावणेचारशे. एक मोबाइल तळापासून भरायला, गळती धरून, साधारण पंचवीस. म्हणजे रात्रीत पंधरा मोबाइल. “आन् दिंडीत माणसं किती?” त्यानं विचारलं. एकशे चाळीस. सगळे हसले. तीन तासांचं कीर्तन फक्त बारा मोबाइलांना विकलं जातं, असं कोणीतरी म्हणालं. ट्रक चालताना बॅटरी भरेल ही आशाही त्यानं मोडली: दिंडी दिवसभर चालते, ट्रक पुढच्या मुक्कामी तासाभरात पोचून उभा. एवढ्या वेळात डायनॅमो कितीसं भरणार? शेवटी टपावर दोन सोलर पॅनल बांधायचे ठरले. पण आषाढाच्या तोंडावर त्यांचाही भरवसा बेताचाच.

मी आणखी एक हिशेब मनात केला. त्या भरल्या बॅटरीतली सगळी वीज साधारण साडेपंधराशे किलोकॅलरी. दोन युनिटही नाही. बिलात एखाद-दोन वडापावांची किंमत. एक वारकरी दिवसभर चालून रात्री पंगतीत बसतो, आणि दिवसाकाठी याहून जास्त खातो. चौघांनी उचलून ठेवलेलं ते धूड एका माणसाच्या दिवसाच्या जेवणाला भारी नाही.

बॅटरी बंद खोक्यात ठेवू नका, भरताना हायड्रोजन सुटतो, वर जाळी मोकळी ठेवा, हे तो दोनदा बजावून गेला. शेगड्या नि सिलिंडर दुसऱ्या टोकाला. ट्रक रबरी चाकांवर उभा असतो, जमिनीशी त्याची गाठ नाही, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी लोखंडी खुंटी ओल्या मातीत ठोकून अर्थिंगची वायर लावायची, मग बटण. भर पावसात उघड्या पायांनी वावरणाऱ्या माणसांत दोनशे तीस व्होल्ट न्यायचे म्हणजे गंमत नाही. हे सांगताना त्याचा आवाज एकदम बदलला होता.

मग पाऊस आलाच. ताडपत्री ओढून सगळे हौद्यात शिरलो. बल्ब लागला. बुवांनी पांढरी पाचवर बोट ठेवलं, पेटीची गुणगुण त्या सुरापाशी रेंगाळत राहिली, आणि कोपऱ्यातल्या एका आजींनी कनवटीचा मोबाइल काढून वायरमनपुढे धरला. “माउली, पहिला नंबर माझा लाव. सिन्नरच्या पुढं रेंज नसती.” त्यानं पिन लावली. अकरा टक्के.